यवतचा डास

चिकनगुन्याचा चिकनशी काहीएक संबंध नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण २००६ साली महाराष्ट्रात बऱ्याच घरांमध्ये याच गोंधळापायी कोंबडी बंद झाली होती. लोकांचंही फारसं चुकलं नाही म्हणा. त्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू सापडला, आणि साधारण त्याच सुमारास तिकडे मालेगावात माणसं सांधे धरून बसली. दोन्ही बातम्या पेपरात शेजारी शेजारी. मी तेव्हा तिसरीत होतो, आणि नांदगावला (आमचं, म्हणजे कणकवली तालुक्यातलं, नाशिकवाल्यांनी गैरसमज करून घेऊ नये) आजीने कोंबडी-वड्यांवर बंदी आणली. तिचा युक्तिवाद बिनतोड होता : "नावातच चिकन आसा मा?"

नाव खरं तर आफ्रिकेतलं आहे. आजच्या टांझानियात मकोंडे नावाचं पठार आहे, तिथे १९५२-५३ मध्ये या तापाची साथ आली. ताप उतरला तरी सांधेदुखीने माणूस सरळ उभा राहू शकत नसे. म्हणून मकोंडे भाषेत त्याला 'वाकवून टाकणारा' अशा अर्थाचा शब्द पडला. १९५३ मध्ये विषाणू वेगळा काढला गेला आणि तेच नाव त्याला चिकटलं.

पण मला लिहायचंय ते रोगाबद्दल कमी आणि एका हिशेबाबद्दल जास्त. जो रोग आज इथे नाही, त्याचा धोका किती हे कसं ठरवायचं? आमच्या धंद्यात हा प्रश्न रोज येतो. सर्व्हर आज चालतोय, उद्या पडेल का? त्यावर मीटिंगा होतात, एक्सेल शीट बनतात, लाल-पिवळे-हिरवे रंग भरले जातात. डासांमधून येणाऱ्या विषाणूंच्या बाबतीत हाच उद्योग भारतात शंभरेक वर्षं चालू आहे, आणि त्याचा बराचसा भाग आपल्या पुण्यात घडलाय.

सुरुवात झाली पनामा कालव्यापासून. कालवा १९१४ मध्ये उघडला. त्याआधी अमेरिका खंडातला पीतज्वर, म्हणजे यलो फीव्हर, आशियाच्या बंदरांपासून इतका लांब होता की जहाज इथे पोचेपर्यंत बोटीवरचे रोगी एकतर बरे तरी व्हायचे नाहीतर मरायचे. कालव्यामुळे हे अंतर एकदम घटणार होतं. पीतज्वर पसरवणारा डास, एडिस इजिप्ती, मुंबईत नि कलकत्त्यात भरपूर. इथल्या माणसांना हा रोग कधीच झालेला नाही, म्हणजे प्रतिकारशक्ती शून्य. इंग्रज सरकारची झोप उडाली. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधल्या मेजर एस. पी. जेम्स यांना याच कामासाठी पनामा आणि वाटेतली बंदरं पाहायला धाडलं गेलं. 'पीतज्वरापासून भारताचं संरक्षण' या विषयावरचा त्यांचा लेख १९१३ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे रोग यायच्या आधी, कालवा उघडायच्याही आधी. याला म्हणतात प्रोअ‍ॅक्टिव्ह!

तुमच्यापैकी कुणाला ऑनसाइट म्हणून नायजेरियाला किंवा ब्राझीलला जायचा योग आला असेल तर ते पिवळं कार्ड आठवत असेल. ते त्याच भीतीचं पणतू आहे. पीतज्वराच्या देशातून वैध कार्डाशिवाय आलात तर आजही तुम्हाला सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. सहाच का? तर चावल्यापासून ताप येईपर्यंत साधारण तेवढेच दिवस लागतात म्हणून. आणि पनामाची भीती अगदीच खुळी नव्हती. २०१६ मध्ये अंगोलातून घरी परतलेल्या ११ चिनी कामगारांसोबत पीतज्वर विमानाने चीनला पोचला होता. तिथे तो पुढे पसरला नाही, इतकंच.

पुण्याचा संबंध येतो १९५२ मध्ये. रॉकफेलर फाउंडेशन आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद यांनी मिळून पुण्यात व्हायरस रिसर्च सेंटर काढलं. आंबेडकर रस्त्यावरची ती संस्था, जी १९७८ मध्ये राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था झाली आणि कोविडमध्ये 'एनआयव्ही' म्हणून घराघरात पोचली. सुरुवातीचं तिचं काम साधं होतं : कीटकांमधून पसरणारे कोणकोणते विषाणू या देशात आहेत ते शोधा. आता हे शोधायचं कसं? जीनोम वगैरे भानगडी नव्हत्या. माणसांच्या रक्तातला द्राव घ्यायचा, त्यात एखादा माहीत असलेला विषाणू मिसळायचा आणि ते मिश्रण उंदराला टोचायचं. उंदीर मेला तर त्या माणसाच्या रक्तात काही नाही. जगला, तर त्या माणसाला कधीतरी तो (किंवा त्याच्या भावकीतला) विषाणू भेटून गेलाय.

या पद्धतीने स्मिथबर्न, केर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातल्या लोकांची रक्तं तपासली आणि १९५४ मध्ये निकाल छापले. त्यात एक नोंद अशी आहे : झिकासाठी १९६ जणांचं रक्त तपासलं, ३३ जणांत प्रतिपिंडं सापडली. झिका! युगांडाच्या जंगलात १९४७ मध्ये सापडलेला विषाणू, ज्याचं नाव आपण २०१६ मध्ये ब्राझीलच्या बातम्यांत ऐकलं. अर्थात या विषाणूंचं एकमेकांशी इतकं साम्य असतं की डेंग्यू होऊन गेलेलं रक्तसुद्धा झिकाला ओळख दाखवतं, त्यामुळे त्या ३३ पैकी खरे किती हा वादाचा विषय आहे. ही नोंद लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता चिकनगुन्या.

१९६३ मध्ये तो कलकत्त्यात आला. १९६४ मध्ये मद्रासला, आणि एकट्या त्या शहरात चारेक लाख लोक आजारी पडल्याचा अंदाज आहे. १९६५ मध्ये नागपूर. (नागपूरच्या याच तापाच्या तपासात भट्ट आणि रॉड्रिग्ज यांना दोन रोग्यांच्या रक्तात एक भलताच नवा विषाणू सापडला. त्याचं नाव चांदीपुरा. तेव्हा तो किरकोळ वाटला. २००३ मध्ये त्याच चांदीपुराने आंध्रात १८३ मुलं मारली. तो डासातून नाही, वाळूमाशीतून पसरतो, म्हणून त्याची गोष्ट इथेच थांबवतो. पण 'किरकोळ' हा शेरा किती जपून मारावा याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.)

मग १९७३, बार्शी. सोलापूर जिल्ह्यातलं गिरण्यांचं, बाजारपेठेचं गाव. आदल्याच वर्षीचा दुष्काळ आपल्या आई-वडिलांच्या पिढीला अजून आठवतो. दुष्काळी मुलखात डासांचा ताप कसा, असं वाटू शकतं, पण एडिसला गटार किंवा तळं लागतच नाही. त्याला स्वच्छ, साठवलेलं पाणी लागतं : रांजण, पिंप, हौद. पाणी जितकं दुर्मिळ तितकं ते साठवून ठेवलं जातं, आणि जितकं साठवलं जातं तितकी याची सोय होते. पुण्याच्या संस्थेतल्या व्ही. एस. पडबिद्री आणि त्यांच्या सहकाऱ्याने बार्शीचा अभ्यास केला. आजारी पडलेल्यांचं प्रमाण निघालं ३७.५ टक्के. दर आठ माणसांत तीन. ऑफिसच्या बसमध्ये चाळीस जण असतील तर पंधरा जणांना खाली उतरताना दुसऱ्याचा हात धरावा लागेल, असं समजा.

आणि बार्शीनंतर, काही नाही. चिकनगुन्या गेला.

एक वर्ष, पाच वर्षं, दहा वर्षं. डेंग्यू येत-जात राहिला, हा मात्र आलाच नाही. १९८६ मध्ये संस्थेच्या तेव्हाच्या संचालक डॉ. खोर्शेद पावरी यांनी एका नावाजलेल्या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छोटंसं टिपण लिहिलं. विषय : भारत आणि आग्नेय आशियातून चिकनगुन्या विषाणूचं नाहीसं होणं. आमच्या भाषेत सांगायचं तर तिकिटावर 'आता रिप्रोड्यूस होत नाही' असं लिहून ठेवलं. पुढे जे घडलं ते माहीत असल्यामुळे आज हे शीर्षक वाचून हसू येईल. पण थांबा, त्यांच्या बाजूने बोलायला भरपूर जागा आहे, आणि ती मला या सगळ्या गोष्टीतली सगळ्यात मजेची बाजू वाटते.

१९९५ मध्ये कलकत्त्यातल्या रक्ततपासणीचे निकाल आले. जिथे १९६३ मध्ये हाहाकार उडाला होता, त्या शहरात चिकनगुन्याची प्रतिपिंडं साधारण ४.४ टक्के लोकांत उरली होती आणि त्यांचं सगळ्यात जास्त प्रमाण पन्नाशी ओलांडलेल्यांत होतं. म्हणजे पावरीबाईंचं निरीक्षण बरोबर होतं, विषाणू खरंच फिरत नव्हता. पण याच आकड्याची दुसरी बाजू अशी की बाकीचे ९५ टक्के लोक आता कोरी पाटी होते. रोग जितकी वर्षं नाही, तितकी त्याच्यासाठी तयार न झालेली माणसं वाढत जातात. साथ नाही म्हणून धोका कमी, असं आपल्याला आतून वाटत असतं. इथे उलट होतं. साथ नसलेलं प्रत्येक वर्ष पुढच्या साथीसाठी लाकडं रचत होतं.

धोक्याचा हिशेब मला तरी गुणाकारासारखा दिसतो. डास किती, गुणिले कोरी माणसं किती, गुणिले विषाणू आत यायची शक्यता किती. तिसरा आकडा शून्य धरला की उत्तर शून्य येतं, मग पहिले दोन कितीही फुगू देत. १९७३ पासून २००५ पर्यंत बहुतेकांनी तो शून्यच धरला होता.

आणि इथे यवत येतं.

पुणे-सोलापूर रस्त्याने गेला असाल तर यवत माहीत असेलच, दौंड तालुक्यातलं, चहाला थांबायचं गाव. २००० साली तिथे पकडलेल्या एडिस इजिप्ती डासांमध्ये पुण्याच्या संस्थेला चिकनगुन्याचा विषाणू सापडला. जिवंत. सत्तावीस वर्षं गायब असलेला. त्यावरचा लेख २००१ मध्ये ब्रातिस्लाव्हाहून निघणाऱ्या 'अ‍ॅक्टा व्हायरोलॉजिका' या नियतकालिकात आला. लेखकांमध्ये पहिलं नाव डी. टी. मौर्य यांचं, जे पुढे संस्थेचे संचालक झाले, आणि शेवटचं नाव व्ही. एस. पडबिद्री. तेच, बार्शीवाले! मला हे वाचून उगाचच भरून आलं. देशातली शेवटची साथ मोजणारा माणूस, आणि ती परत येत असल्याच्या पहिल्या खुणेवर पुन्हा त्याचीच सही.

नाट्य इथेच संपत नाही. २००७ मध्ये विद्या अरणकल्ले आणि सहकाऱ्यांनी १९६३ पासूनच्या साठवलेल्या विषाणूंचे जीनोम शेजारी शेजारी ठेवून पाहिले. (संस्थेच्या फ्रीझरमध्ये ४०-४० वर्षं जुने नमुने सांभाळून ठेवलेले होते. व्हर्जन कंट्रोल म्हणजे हेच.) कलकत्ता आणि बार्शीचा विषाणू आशियाई घराण्यातला निघाला. २००६ चा आफ्रिकी घराण्यातला. आणि यवतच्या डासातला? तोही आफ्रिकी.

म्हणजे पावरीबाईंचं टिपण अक्षरशः खरं होतं. त्या ज्याच्याबद्दल लिहीत होत्या तो आशियाई विषाणू भारतातून गेला, तो गेलाच. दुसराच कुणीतरी, त्याच नावाचा, समुद्रापलीकडून आला होता, आणि त्या घराण्याचा एक पाहुणा साथीच्या पाच वर्षं आधी पुण्यापासून तासा-दीड तासावर एका डासाच्या पोटात बसलेला होता. तो २००६ वाल्याचा थेट बापच, असं मी म्हणणार नाही, कारण मोठी लाट वेगळ्या वाटेने आल्याचं दिसतं : २००४ मध्ये केनियाच्या किनाऱ्यावरचं लामू बेट (तिथे चारात तीन माणसांना लागण झाल्याचं नंतर आढळलं), मग कोमोरोस, मग रियुनियन. पण दार उघडं आहे, एवढं यवतने सांगितलं होतं.

मग कुणी काही केलं का नाही? खरं सांगू, मला यात कुणाला दोष द्यावासा वाटत नाही. आपणही लॉगमध्ये रोज हजार वॉर्निंगा बघतो. त्यातली एक ओळ खरी असते, पण त्या दिवशी ती बाकीच्या ९९९ सारखीच दिसते. यवतात रोग्यांच्या रांगा लागलेल्या नव्हत्या. ताप आणि अंगदुखी घेऊन कुणी दवाखान्यात गेलं असेल तर 'व्हायरल आहे' म्हणून गोळ्या घेऊन परत आलं असेल, चिकनगुन्याची तपासणी कोण करायला सांगणार? जो रोग देशात नाही त्याची चाचणी होत नाही, आणि चाचणी होत नाही म्हणून तो देशात नसतो. हे वर्तुळ फक्त अशाच माणसांमुळे तुटतं, जी काही कारण नसताना डास पकडून प्रयोगशाळेत आणतात. माझ्या मते पैसे खर्च करायचेच तर या 'काही कारण नसताना'वर करावेत, पण बजेटच्या मीटिंगमध्ये हे वाक्य टिकणार नाही हेही मला ठाऊक आहे.

२००५ च्या शेवटी आंध्र, मग मालेगाव, मग जवळजवळ सगळा दक्षिण आणि पश्चिम भारत. २००६ मध्ये सरकारी आकडा १३.९ लाख संशयित रोग्यांचा. मृत्यू? सरकारी उत्तर : शून्य. चिकनगुन्याने माणूस मरत नाही, असं पुस्तकातही होतं. तेव्हा आयआयएम अहमदाबादला असलेल्या दिलीप मावळंकरांनी सहकाऱ्यांसोबत एक सरळ गोष्ट केली. महापालिकेच्या मृत्यूनोंदी काढल्या आणि आधीच्या वर्षांशी ताडून पाहिल्या. ऑगस्ट ते नोव्हेंबर २००६ या चार महिन्यांत अहमदाबादेत अपेक्षेपेक्षा २,९४४ मृत्यू जास्त झाले होते. प्रत्येक मृत्यू चिकनगुन्याचाच होता असं यातून सिद्ध होत नाही. पण शून्य आणि २,९४४ यांच्यामध्ये कुठेतरी खरी माणसं आहेत, बहुतेक म्हातारी, ज्यांच्या दाखल्यावर हृदयविकार किंवा मधुमेह लिहिलं गेलं असणार. कोविडच्या वेळी 'जादा मृत्यू' मोजायची पद्धत सगळ्यांना कळली. इथे ती चौदा वर्षं आधी वापरली गेली होती.

आता थोडं आमच्याकडचं. डासांचा धोका मोजायला सरकारी यंत्रणा जे आकडे वापरते तेही मुळात पीतज्वराच्याच काळातले आहेत. शंभर घरांपैकी किती घरांत अळ्या सापडल्या, हा घर निर्देशांक. शंभर घरांमागे अळ्या असलेली भांडी किती, हा ब्रेटो निर्देशांक. तुमच्या सोसायटीत महापालिकेची माणसं येऊन कुंड्यांच्या बशा उलट्या करून जातात, त्या वेळी हेच मोजणं चालू असतं (आणि आपण त्यांना 'फ्लॅट बंद आहे' म्हणून कटवतो). हे आकडे शहरातल्या पिंपा-टाक्यांसाठी ठीक आहेत. नांदगावला घराबाहेर पडलं की काय मोजायचं? परसातली दगडी दोण, उलटी न ठेवलेल्या नारळाच्या करवंट्या, पोफळीच्या गळालेल्या झावळीचा खोलगट देठ, बांबूचं कापलेलं पेर, फणसाच्या झाडातली ढोली. यातल्या प्रत्येकात पावसाळ्यात वाटीभर पाणी असतं, आणि बागेत राहणारा एडिसचा दुसरा भाऊ, एडिस अल्बोपिक्टस, तिथे खुशाल अंडी घालतो.

पूर्वी हा भाऊ चिकनगुन्याच्या कामात तितकासा तरबेज नव्हता. विषाणूचा प्रोग्रॅम आहे साधारण ११,८०० अक्षरांचा. २००५-०६ मध्ये रियुनियनमध्ये त्यातलं एक अक्षर बदललं, त्यामुळे बाहेरच्या आवरणातल्या प्रथिनाचा २२६ व्या जागचा एक घटक बदलला, आणि विषाणू अल्बोपिक्टसमध्ये झकास वाढू लागला. एका अक्षराचा कमिट! २००७ मध्ये हाच बदल केरळात दिसला, जिथे माड-पोफळी आणि रबराच्या बागांत तोच डास. आमचा मुलूख दिसायला केरळाचाच धाकटा भाऊ आहे. धोक्याच्या नकाशात पिंपं मोजून कोकण हिरवं दाखवलं, तर मी त्यावर विश्वास ठेवणार नाही.

आणि तिसरा आकडा, दाराचा? एडिस स्वतः फार लांब उडत नाही, दोन-चारशे मीटरच्या आतलाच जीव. विषाणू प्रवास करतो तो माणसाच्या अंगातून. आता बघा, एडिसचा भर कधी असतो? पाऊस उघडीप द्यायला लागतो तेव्हा, ऑगस्ट-सप्टेंबर. आणि मुंबई-पुण्याचा सगळा चाकरमानी, तापलेला असो वा नसो, नांदगाव रोड स्टेशनावर कधी उतरतो? चतुर्थीला. हे दोन्ही एकाच पंधरवड्यात. कुणी गणपतीला जाऊ नये असं माझं म्हणणं नाही, मी स्वतः दोन महिने आधी तिकिटाच्या रांगेत असतो. पण जिल्ह्याच्या धोक्याचा अंदाज घ्यायचा तर वर्षाची सरासरी काढून चालणार नाही, ते पंधरा दिवस वेगळे मोजायला हवेत. सिंधुदुर्गात उशिरा येणाऱ्या पाहुण्यांचा अनुभव आहेच. पुण्याच्याच संस्थेने १९५७ मध्ये शिमोग्याच्या जंगलात शोधलेला माकडताप (हा गोचिडीतून येतो) २०१६ मध्ये दोडामार्गात उगवला, तब्बल ५९ वर्षांनी.

राहिली ती झिकाची नोंद. जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात तापाचे रोगी वाढले. पाच जणांचे नमुने पुण्याच्या संस्थेत गेले. तिघांना चिकनगुन्या निघाला. कुणालाही इथे थांबता आलं असतं, कारण उत्तर मिळालं होतं. पण संस्थेचं पथक बेलसरला गेलं आणि आणखी ४१ नमुने घेऊन आलं. त्यात २५ चिकनगुन्या, ३ डेंग्यू, आणि एका पन्नाशीच्या बाईंना चिकनगुन्यासोबत झिका. महाराष्ट्रातली झिकाची पहिली नोंद. २०२४ मध्ये पुणे जिल्ह्यात झिकाचे रोगी शंभराच्या वर गेले, तेही शहरातल्या चांगल्या-चांगल्या वस्त्यांत. बेलसरच्या बाई बऱ्या झाल्या. यवत आणि बेलसर नकाशावर बघितलीत तर शेजारशेजारच्या तालुक्यांत आहेत, मध्ये एक भुलेश्वरचा डोंगर.